कामावरील अपघातात आलेले कायमचे अपंगत्व : भरपाई कशी ठरते आणि ती कशी मागावी

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील दालमिल आणि चटईचे कारखाने, धरणगावकडील जिनिंग, धुळ्यातील यंत्रमाग, भुसावळ परिसरातील ठेकेदारी कामे आणि शहादा-शिरपूरकडे विजेवर चालणाऱ्या कडबाकुट्ट्या या सर्व ठिकाणी हात, बोटे, पाय किंवा डोळा कायमचा निकामी होण्याचे अपघात घडतात. त्यानंतर कामगाराच्या घरात पहिला प्रश्न विचारला जातो तो असा की, या बोटाचे किंवा या पायाचे किती पैसे मिळतील. हा प्रश्न स्वाभाविक असला तरी कायदा त्याच्याकडे वेगळ्या बाजूने पाहतो. भरपाई जखमेची मिळत नाही. त्या जखमेमुळे कमाईच्या क्षमतेत कायमची जी घट झाली, तिची मिळते. वैद्यकीय टक्का आणि कमाईच्या घटीचा टक्का हे दोन वेगळे आकडे असतात, आणि हा फरक वेळीच न समजल्यामुळे अनेक कामगारांचा हक्काचा पैसा बुडतो. म्हणून या लेखात सर्वाधिक भर त्याच मुद्द्यावर दिला आहे.

आधी कोणता मार्ग लागू होतो ते पाहावे

कामगार राज्य विमा योजनेत, म्हणजे बोलीभाषेत ईएसआयमध्ये, कामगार विमाधारक असेल तर त्याला अपंगत्वाचा लाभ त्या महामंडळाकडून मिळतो आणि त्याच अपघातासाठी मालकाकडून कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली वेगळी रक्कम मागता येत नाही. साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत, दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणारे कामगार या योजनेत येतात. पगारपत्रकात ईएसआयची कपात दिसते का आणि आपल्या नावावर विमा क्रमांक आहे का, हे सर्वात आधी तपासावे. कामावरील अपघाताच्या बाबतीत किमान इतके महिने वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही. नोकरीच्या पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी संरक्षण मिळते.

ईएसआयमध्ये कायमच्या अपंगत्वाचा टक्का वैद्यकीय मंडळ ठरवते आणि त्या प्रमाणात दरमहा रक्कम आयुष्यभर मिळते. तिचा पूर्ण दर सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के धरला जातो. सरासरी रोज ६०० रुपये असेल तर पूर्ण दर ५४० रुपये होतो, आणि मंडळाने कमाईच्या क्षमतेत ३० टक्के घट मान्य केली तर रोजचे १६२ रुपये, म्हणजे तीस दिवसांच्या महिन्याचे ४,८६० रुपये मिळतात. कामगार पुन्हा कामावर रुजू झाला तरी ही रक्कम बंद होत नाही. अनेक जण या गैरसमजापोटी अर्जच करत नाहीत, म्हणून हे मुद्दाम सांगितले. मंडळाचा टक्का कमी वाटल्यास वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा कर्मचारी विमा न्यायालयाकडे दाद मागता येते.

जे ईएसआयमध्ये नाहीत त्यांच्यासाठी १९२३ चा कायदा आहे, जो २०१० पासून कर्मचारी नुकसानभरपाई कायदा या नावाने ओळखला जातो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली असून त्यानंतरच्या अपघातांसाठी संहितेतील तरतुदी पाहाव्या लागतात. तेथे जुन्या कायद्याखालील दावे ठरवणाऱ्या आयुक्तांऐवजी सक्षम प्राधिकारी हा शब्द आहे, घरून कामावर जाताना किंवा कामावरून परतताना झालेल्या अपघाताचा नोकरीशी संबंध सिद्ध झाल्यास त्याचाही समावेश आहे, आणि एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक भाग भत्त्यांत दाखवला असेल तर तो जादा भाग वेतनात धरला जातो. हिशोबाची मूळ चौकट मात्र तीच राहिली आहे. त्याआधीच्या अपघातांना जुना कायदा लागू होतो आणि पुढील विवेचन त्याच्या आधाराने केले आहे.

शेतमजुरांना यात काहीच मिळत नाही, ही समजूत चुकीची आहे. ट्रॅक्टरने किंवा वाफेवर, विजेवर अथवा इतर यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या साधनांनी होणाऱ्या शेतीकामावरील मजूर या कायद्याच्या यादीत आहेत. मळणी यंत्रात किंवा कडबाकुट्टीत मजुराचा हात गेला, तर शेतमालक हाच कायद्याच्या अर्थाने मालक ठरतो. केळीच्या ट्रकवरील चालक किंवा क्लीनर रस्त्यावर जखमी झाला तर त्याला मोटार अपघात न्यायाधिकरण आणि हा कायदा यांपैकी एकच मार्ग निवडावा लागतो. तो निवडण्यापूर्वी वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा.

पहिल्या आठवड्यातील कागद

टक्क्याचा वाद पुढे कितीही रंगला तरी अपघात कामावर असताना आणि कामामुळेच झाला, हे आधी सिद्ध व्हावे लागते. रुग्णालयात दाखल होताना केसपेपरवर कारण लिहिले जाते, आणि त्या वेळी सोबत बहुधा मुकादम किंवा कारखान्याचा माणूस असतो. तेथे “घरी पडला” असे लिहिले गेले तर पुढे ते पुसणे फार कठीण जाते. म्हणून नातेवाइकांनी तो कागद त्याच दिवशी वाचावा आणि “अमुक यंत्रावर काम करताना हात सापडला” अशी नोंद करून घ्यावी. मालकाला अपघाताची लेखी सूचना द्यावी, तिची पोच ठेवावी, आणि पोच देत नसतील तर ती नोंदणीकृत टपालाने पाठवावी. मालकाला अपघात अन्य मार्गाने कळला असेल तर केवळ सूचना दिली नाही म्हणून दावा फेटाळला जात नाही, परंतु कागद हाती असणे केव्हाही चांगले. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, शस्त्रक्रियेची टिपणे आणि औषधांची बिले जपून ठेवावीत, कारण उपचाराचा प्रत्यक्ष खर्च भरपाईव्यतिरिक्त वेगळा मिळतो.

कामगाराने निष्काळजीपणा केला, असे उत्तर जवळजवळ प्रत्येक प्रकरणात दिले जाते. साधा निष्काळजीपणा हा या कायद्यात मालकाचा बचाव होत नाही. दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली असणे, स्पष्टपणे दिलेला सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणे किंवा यंत्रावरील संरक्षक जाळी जाणूनबुजून काढणे ही कारणे मालकाला सिद्ध करावी लागतात, आणि अपघातात मृत्यू किंवा संपूर्ण कायमचे अपंगत्व आले असेल तर तीही चालत नाहीत.

अपंगत्व कोणत्या वर्गात बसते

जखम भरून येईपर्यंत, म्हणजे डॉक्टर यापुढे सुधारणेची शक्यता नाही असे सांगेपर्यंत, अपंगत्व तात्पुरते मानले जाते आणि त्या काळात दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम देय असते. त्यानंतर कायमच्या अपंगत्वाचा विचार सुरू होतो आणि त्याचे दोन वर्ग पडतात.

अपघाताच्या वेळी कामगार जी कामे करू शकत होता, ती सर्वच करण्यास तो असमर्थ झाला तर ते संपूर्ण अपंगत्व होय. दोन्ही हात गमावणे, एक हात आणि एक पाऊल गमावणे किंवा पूर्ण बहिरेपणा येणे या गोष्टी कायद्यानेच शंभर टक्के मानल्या आहेत. कमाईची क्षमता कायमची कमी झाली पण नष्ट झाली नाही, तर ते अंशतः अपंगत्व होय, आणि बहुसंख्य दावे याच वर्गातील असतात.

अंशतः अपंगत्वासाठी कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात जखमांची यादी आणि प्रत्येकीपुढे टक्का दिलेला आहे. हात खांद्याच्या सांध्यातून गेल्यास ९०, पंजा गेल्यास ६०, अंगठा गेल्यास ३०, एका हाताची चारही बोटे गेल्यास ५०, तीन गेल्यास ३० आणि दोन गेल्यास २० टक्के धरले जातात. पूर्ण तर्जनीसाठी १४, मधल्या बोटासाठी १२, अनामिकेसाठी किंवा करंगळीसाठी ७ टक्के आहेत. बोटाचे एकच पेर गेले तर टक्का कमी होतो. तर्जनीच्या एका पेरासाठी ९ टक्के आहेत. दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गमावल्यास ४० टक्के, तर बुबुळ शाबूत राहून त्या डोळ्याची फक्त दृष्टी गेल्यास ३० टक्के आहेत. एकाच अपघातात अनेक जखमा झाल्या तर त्यांच्या रकमांची बेरीज होते, परंतु ती संपूर्ण अपंगत्वाच्या रकमेपुढे जात नाही.

या यादीच्या शेवटी एक छोटी टीप आहे. माझ्या मते संपूर्ण परिशिष्टात कामगाराच्या सर्वाधिक उपयोगाची ओळ तीच आहे. एखाद्या अवयवाचा वापर पूर्णपणे आणि कायमचा बंद झाला असेल तर तो अवयव गमावल्यासारखाच मानावा, असे ती सांगते. जिनिंगच्या रोलरमध्ये चिरडलेला पंजा शस्त्रक्रियेने वाचला, पण बोटे ताठ राहिली आणि मूठ वळत नाही, अशी स्थिती असेल तर “पंजा जागेवर आहे” म्हणून टक्का कमी करणे योग्य नाही. वापर संपूर्ण गेल्याचे सिद्ध झाले तर ६० टक्केच धरावे लागतात.

यादीत नसलेली जखम आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र

मांडीचे हाड मोडून पाय आखूड होणे, मणक्याला मार लागणे, खांदा वर न जाणे अशा जखमा यादीत नाहीत. तेथे पात्र वैद्यकीय व्यावसायिकाने कमाईच्या क्षमतेतील घट ठरवायची असते आणि ती ठरवताना यादीतील तुलनात्मक टक्के लक्षात घ्यायचे असतात. जिल्हा रुग्णालयातून मिळालेले दिव्यांगत्व प्रमाणपत्र जोडून लोक निर्धास्त होतात, पण ते प्रमाणपत्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालील सवलतींसाठी असते. त्यात अवयवाचे किंवा शरीराचे अपंगत्व मोजलेले असते, कमाईचे नव्हे. ते पुरावा म्हणून जोडावे, परंतु त्यावरच थांबू नये.

चांगल्या प्रमाणपत्रात काय असावे, हे डॉक्टरांना भेटण्यापूर्वीच माहीत असलेले बरे. गुडघा किती अंशांपर्यंत वाकतो, पाय किती सेंटिमीटर आखूड झाला, पकडीची ताकद किती उरली, रुग्ण किती वेळ उभा राहू शकतो, जिना किंवा शिडी चढू शकतो का, किती वजन उचलू शकतो आणि जुने काम करू शकतो का, हे सर्व त्यात स्वतंत्रपणे लिहिलेले असावे. त्याखाली दोन वेगळी वाक्ये हवीत : एक शारीरिक अपंगत्वाचे आणि दुसरे कमाईच्या क्षमतेत झालेल्या घटीचे. ज्यांनी प्रत्यक्ष उपचार केले त्यांनीच प्रमाणपत्र दिले आणि साक्षीला येण्याची तयारी दाखवली तर त्याचे वजन फार वाढते. साक्षीशिवाय नुसता कागद पुष्कळदा टिकत नाही.

काम पाहून टक्का ठरतो

१९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता हे प्रकरण आले. त्यातील सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. परिशिष्टाप्रमाणे ते अंशतः अपंगत्व होते, परंतु सुतारकाम एका हाताने होत नाही म्हणून आयुक्तांनी ते संपूर्ण मानले आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निष्कर्ष कायम ठेवला. कामगाराचा व्यवसाय पाहून घट ठरवावी, या तत्त्वाचा आजही सर्वात भक्कम आधार हाच निकाल आहे.

हे तत्त्व पुराव्यात कसे उतरवायचे ते एका उदाहरणाने पाहू. दालमिलमधील ४० वर्षांच्या हमालाचा उजव्या हाताचा अंगठा गेला आहे आणि त्याचे वेतन १४,००० रुपये आहे. यादीप्रमाणे त्याचे ३० टक्के होतात आणि मालकाचा वकील तेवढ्यावर थांबतो. आता त्याचे दिवसभराचे काम पाहा. भरलेल्या पोत्याच्या तोंडाला घडी घालून डाव्या हाताने ती दाबून धरायची, उजव्या हातात दाभण घेऊन सुतळीचे टाके घालायचे आणि प्रत्येक टाक्याला दाभण अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत घट्ट धरून आरपार ओढायचे. त्यानंतर पोत्याचे दोन कान मुठीत धरून ते पाठीवर घ्यायचे. अंगठा नसेल तर चिमूट होत नाही आणि पोत्याचा कान मुठीत टिकत नाही. त्याने शिक्षण घेतलेले नाही आणि दुसरे कौशल्यही त्याच्याकडे नाही. ही सर्व माहिती अर्जात लिहावी, शपथपत्रात यावी, सोबत काम करणाऱ्या हमालाने साक्षीत सांगावी आणि डॉक्टरांना साक्षीच्या वेळी “हा रुग्ण दाभण धरू शकेल का” असा थेट प्रश्न विचारला जावा. आयुक्त आपण होऊन टक्का वाढवत नाहीत; तो वाढवण्याइतका पुरावा नोंदीत यावा लागतो.

अपघातानंतर मालकाने त्याच पगारावर हलके काम दिले तरी दावा संपत नाही, कारण मोजायची असते ती क्षमता, त्या महिन्याचा पगार नव्हे. उद्या तो कारखाना बंद पडला तर दुसऱ्या दारात त्याला कोणते काम मिळेल, हा विचार येथे महत्त्वाचा ठरतो.

वेतन, वय आणि हिशोब

संपूर्ण अपंगत्वाची रक्कम म्हणजे मासिक वेतनाचे ६० टक्के गुणिले वयाचा गुणांक, आणि ती १,४०,००० रुपयांपेक्षा कमी असत नाही. वेतन कितीही असले तरी हिशोबात ते एका मर्यादेपर्यंतच धरले जाते. ३१ मे २०१० पासून ही मर्यादा ८,००० रुपये होती आणि ३ जानेवारी २०२० पासून ती १५,००० रुपये झाली. म्हणून अपघाताची तारीख आणि त्या दिवशी लागू असलेली अधिसूचना दोन्ही तपासावीत.

गुणांक चौथ्या परिशिष्टात दिलेला आहे आणि तो शेवटच्या वाढदिवसाला पूर्ण झालेल्या वर्षांवर अवलंबून असतो. वय २५ असेल तर २१६.९१, ३० ला २०७.९८, ३५ ला १९७.०६, ४० ला १८४.१७, ४५ ला १६९.४४, ५० ला १५३.०९ आणि ६० ला ११७.४१ असे ते उतरत जातात. वयाच्या पुराव्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला काढून ठेवावा. आधार कार्डावरची जन्मतारीख अनेकदा अंदाजे टाकलेली असते, आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार अपघाताच्या एका प्रकरणात आधारपेक्षा शाळेच्या दाखल्यावरील तारीख ग्राह्य धरली आहे.

वरील हमालाचा हिशोब असा होईल. १४,००० च्या ६० टक्के म्हणजे ८,४००, त्याला १८४.१७ ने गुणल्यास १५,४७,०२८ रुपये ही संपूर्ण अपंगत्वाची रक्कम येते. तिचे ३० टक्के ४,६४,१०८ रुपये होतात. पुराव्यावरून कमाईतील घट ६० टक्के मान्य झाली तर रक्कम ९,२८,२१६ रुपये होते. वेतन आणि वय तेच असताना केवळ टक्क्यामुळे रक्कम दुप्पट होते. डॉक्टरांच्या साक्षीसाठी घेतलेले श्रम किती मोलाचे असतात, ते येथे दिसते.

रोखीने मजुरी घेणाऱ्यांची अडचण वेतन सिद्ध करताना होते. मुकादमाच्या हजेरी वहीचे मोबाइलवर काढलेले छायाचित्र, खात्यावर किंवा फोनवर आलेल्या रकमा, आठवड्याच्या उचलीची चिठ्ठी आणि सहकाऱ्यांच्या साक्षी यांचा उपयोग होतो. यांपैकी काहीच नसेल तर त्या उद्योगासाठी राज्य शासनाने ठरवलेले किमान वेतन दाखवून किमान तेवढे तरी धरण्याची मागणी करावी. पैशात मोजता येणाऱ्या सवलती, जसे मोफत राहण्याची जागा, वेतनात धरता येतात. प्रवास भत्ता आणि मालकाची भविष्य निर्वाह निधीतील वर्गणी मात्र धरली जात नाही.

समझोत्याचा कागद

रुग्णालयाचे बिल भरून आणि पन्नास-साठ हजार रुपये हातात ठेवून शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर “यापुढे माझी काहीही तक्रार नाही” असे लिहून घेण्याचा प्रकार सर्रास चालतो. घरात पैशाची चणचण असते, तेव्हा सही करणाऱ्या कामगाराला दोष देता येत नाही, परंतु त्याने एवढे जाणून असावे की कायद्याने मिळणारा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा करार रद्दबातल ठरतो. समझोता करायचाच असेल तर त्याचा मसुदा आयुक्तांकडे नोंदवावा लागतो आणि रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. नोंदणी झाली नसेल तर मालक पूर्ण रकमेला जबाबदार राहतो. म्हणून अशी सही झालेली असली तरी दावा करावा.

दावा, व्याज आणि अपील

आयुक्तांकडे अर्ज अपघातापासून दोन वर्षांच्या आत करावा. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्यावर विसंबू नये. जळगाव आणि धुळे येथील कामगार न्यायालयात या अर्जाबाबत चौकशी करता येते. जेथे अपघात झाला तेथेच अर्ज करावा लागतो असे नाही. कामगार जेथे राहतो तेथेही तो करता येतो. नंदुरबार जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी किंवा बांधकामासाठी गुजरातेत गेलेल्या मजुरांना ही तरतूद फार उपयोगी आहे, कारण त्यांना प्रत्येक तारखेसाठी परराज्यात जावे लागत नाही. ठेकेदारामार्फत काम असेल तर ठेकेदार आणि मूळ आस्थापना या दोघांनाही सामनेवाले करावे. ते काम मूळ आस्थापनेच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असेल आणि अपघात तिच्या ताब्यातील जागेत झाला असेल तर भरपाईची जबाबदारी तिच्यावरही येते. नंतर ती ठेकेदाराकडून रक्कम वसूल करू शकते. मालकाने विमा उतरवला असेल तर विमा कंपनीचे नावही त्यात घालावे.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. औद्योगिक कामगार, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग व्यक्ती यांना तेथे मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय मानली जाते. एका महिन्यात ती दिली नाही तर वार्षिक १२ टक्के व्याज लागते आणि उशिराला योग्य कारण नसेल तर थकीत रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो. ४,६४,१०८ रुपयांवर दोन वर्षांचे व्याजच १,११,३८६ रुपये होते, म्हणून अर्जात व्याज आणि दंड या दोन्हींची मागणी स्पष्ट शब्दांत लिहावी. मालकाला टक्का मान्य नसला तरी त्याला जेवढी जबाबदारी मान्य आहे, तेवढी रक्कम त्याने आधी भरली पाहिजे. ती जमा करण्याचा आदेश सुरुवातीलाच मागावा.

आयुक्तांच्या निर्णयाविरुद्ध ६० दिवसांत उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे अपील करता येते, परंतु केवळ महत्त्वाच्या कायदेशीर प्रश्नावर. कमाईतील घट किती टक्के हा बहुतेक वेळा वस्तुस्थितीचा प्रश्न मानला जातो आणि त्यावर आयुक्तांचा निष्कर्ष सहसा बदलला जात नाही. त्यामुळे डॉक्टरांची साक्ष आणि कामाचा तपशील खालच्या टप्प्यावरच पूर्ण नोंदवून घ्यावा लागतो. मालकाने अपील केले तर आदेशाची संपूर्ण रक्कम आयुक्तांकडे आधी जमा केल्याचे प्रमाणपत्र जोडल्याशिवाय ते दाखलच होत नाही. ती रक्कम जमा झाली आहे का, हे कामगाराने कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारावे आणि अपिलात स्थगिती मिळालेली नसेल तर ती उचलण्यासाठी अर्ज करावा.